चौदा नंबरची चूक

१

मंगळवारी शाळा सुटल्यावर कुसुमताई थेट सिद्धलिंगप्पाच्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात आल्या. फळीवरची लाल पुठ्ठ्याची वही काढली, चष्मा पुसला आणि पान उघडलं. तेरा नंबरची चूक होती. पंधरा नंबरची चूक होती. मधलं पान नव्हतं.

कुणी तरी ब्लेड लावून अगदी मुळापासून कापून नेलं होतं. शिवणीपाशी सुतळीएवढी पांढरी पट्टी तेवढी उरली होती.

"अण्णा," ताईंनी हाक मारली, "चौदा नंबर कुठं गेला?"

सिद्धलिंगप्पानं हातातली कैची ठेवली, वही उलटीसुलटी करून पाहिली आणि खालच्या स्टुलावर बसकण मारली. "अक्का, बावीस वर्षांत ह्या दुकानातून कुणाच्या ट्रान्झिस्टरचा स्क्रू हरवला न्हाई. आन् आता चक्क पान?"

ही वही साधी नव्हती. सत्याऐंशी सालच्या उन्हाळ्यापासून दर रविवारी सकाळी दिल्लीहून एक हिंदी मालिका लागायची, 'बीते कल का मुसाफ़िर'. दिवाकर नावाचा एक घड्याळजी एका यंत्रात बसून मागच्या काळात जातो, अशी गोष्ट. सिद्धलिंगप्पाच्या दुकानात काळ्यापांढऱ्या टीव्हीसमोर निम्मी गल्ली जमायची. भाग संपला की गल्ली पांगायची, पण पाच माणसं उठायची नाहीत. गोष्टीत कुठं गफलत झाली, काय जुळत नाही, यावर त्यांचा वाद तासन्‌तास चालायचा. बसवकल्याणात त्यांना 'चूक मंडळ' म्हणायचे. थट्टेनं म्हणायचे, पण मंडळाला त्या नावाचा अभिमानच होता.

मंडळात मुलींच्या हायस्कुलात गणित शिकवणाऱ्या कुसुमताई. तहसील कचेरीतले हेडक्लार्क जयतीर्थराव, मंडळाचे अध्यक्ष. नगरवाचनालयाचा ग्रंथपाल रामकिशन. त्याची थोरली वहिनी सत्यभामाबाई, गावाबाहेरच्या मळ्यातून दर रविवारी चालत येणारी. आणि दुकानाचा मालक म्हणून सिद्धलिंगप्पा.

मालिकेनंच मध्ये जाहीर केलं होतं : प्रेक्षकांनी चुका कळवाव्यात, सर्वांत चांगलं पत्र शेवटी पडद्यावर वाचून दाखवू. मंडळानं सतरा चुका जमवल्या होत्या. ताईंनी मंगळवारी बसून पत्राची स्वच्छ प्रत करायची आणि शनिवारच्या टपालानं ती रवाना करायची, असं ठरलं होतं. सतरातली सगळ्यांत भारी चूक होती चौदा नंबरची.

आणि ती खुद्द कुसुमताईंनी काढलेली होती.

२

चौदा नंबरची हकिगत अशी. पहिल्या भागात नदीच्या पुलापाशी एक दगड दाखवला होता. पन्नास वर्षांपूर्वी पूल कोसळून बावीस माणसं मेली, त्यांची नावं त्यावर कोरलेली. नवव्या भागात दिवाकर मागं गेला, गावाला सावध केलं, पूल बंद करवला, माणसं वाचली. मग तो आपल्या काळात परत आला तेव्हा त्या दगडापाशीच उभा होता, शेजारी कोटातला एक म्हातारा.

पुढच्या रविवारी मंडळ जमलं तेव्हा ताई म्हणाल्या होत्या, "कोणी मेलंच नाही, तर हा दगड उभारला कोणी?"

दुकानात टाळ्या पडल्या होत्या. जयतीर्थरावांनी उठून नमस्कार केला होता. चाळिशी उलटेपर्यंत ताईंनी हजारो पोरींची गणितं तपासली, पण त्यांच्या स्वतःच्या बुद्धीला अशा टाळ्या पहिल्यांदाच मिळाल्या होत्या. त्या रात्री आईला जेवण वाढतानाही त्या मनाशी हसत होत्या.

"रविवारी दुपारी मी वही स्वतः फळीवर ठेवली," त्या आता म्हणाल्या. "तेव्हा पान होतं. त्यानंतर दुकानात कोण कोण आलं?"

सिद्धलिंगप्पा बोटांवर मोजू लागला. "गिऱ्हाइकं सतरा आली, पण ती काउंटरच्या बाहेर. आत येतात ते आपलेच. जयतीर्थराव काल सेल घ्यायला आले, बसून पेपर वाचला. रामकिशन काल संध्याकाळी आला, रोजच येतो. सत्यभामाक्का आज सकाळी रेडिओ दुरुस्तीला देऊन गेली. आन् मी. म्हणून माझंबी नाव लिहा."

"ब्लेड?"

"ते तर इथं टेबलावरच पडलेलं असतंय. वायरी सोलायला."

ताईंनी ते ब्लेड उचलून पाहिलं. मग त्यांनी पेन काढलं. "पान नेलं म्हणून चूक थोडीच जाते? मला ती तोंडपाठ आहे." आणि तिथंच बसून त्यांनी कोऱ्या कागदावर चौदा नंबर पुन्हा लिहिला, वहीत त्या जागी ठेवला आणि वही फळीवर ठेवून दिली. "उद्या सगळंच उतरवून घेते," म्हणाल्या.

बुधवारी त्या आल्या, वही उघडली. तो कागदही गेला होता.

३

कुसुमताईंना राग यायला हवा होता. पण गणिताच्या बाईंचं डोकं अशा वेळी थंड होतं. पुन्हा लिहिलेलंही कोणी नेतं, याचा अर्थ त्याला कागद नको आहे. ही चूक दिल्लीला जाऊ नये एवढंच त्याला हवं आहे. बाकीच्या सोळा चुकांना त्यानं बोटही लावलेलं नाही.

पण का?

पहिल्यांदा त्या जयतीर्थरावांकडे गेल्या. रावांचा स्वभाव कचेरीतल्या दप्तरासारखा, जिथली गोष्ट तिथंच हवी. त्यांनी स्वतः अकरा चुका काढल्या होत्या, त्यातल्या आठ मंडळानं बाद ठरवल्या होत्या. त्याचं दुःख त्यांनी लपवलं नव्हतं.

"माझ्यावर संशय?" रावांनी भुवया उंचावल्या, आणि मग ताईंना आश्चर्य वाटलं, ते खुशीत हसले. "घ्या, घ्या. तेवढं तरी महत्त्व मिळू दे. पण ताई, मंडळाचा अध्यक्ष मी. ह्या पत्राखाली पहिली सही माझी. त्यातलं सगळ्यांत वजनदार पान मीच कशाला फाडू? त्या नवव्या भागाच्या दिवशी मी तापानं घरी पडलो होतो. टीव्ही घरातही आहे, पण मध्येच लाईट गेली आणि मला झोप लागली. तुम्ही म्हणालात म्हणून मला ती चूक कळली, आणि मी मनातल्या मनात तुम्हाला दंडवत घातला."

लाईट! हो, त्या रविवारी मध्येच लाईट गेली होती. बारा मिनिटं अख्ख्या बसवकल्याणात वीज नव्हती. पूल बंद झाला इथवर दिसलं आणि टीव्ही विझला. परत लागला तेव्हा दिवाकर दगडापाशी उभा होता.

वाचनालयात रामकिशन जुन्या मासिकांना पुठ्ठे लावत बसला होता. तिशीतला, उंच, बोलायला लागला की थांबायचा नाही असा. गुलबर्ग्याला एक वर्ष कॉलेज करून वडील वारल्यामुळे त्याला परत यावं लागलं होतं. त्यानंतर त्यानं वाचनालयातलं एकही पुस्तक सोडलं नव्हतं.

"बाई, मी तुमच्या तोंडावर सांगितलेलं आहे," तो सरळ म्हणाला. "चौदा नंबर मला पटत न्हाई. मधली बारा मिनिटं आपण बघितलीच न्हाईत. त्यात काय झालं कुणाला ठाव? दगडाचा खुलासा त्यातच केला असंल तर?"

"त्यात खुलासा असेल असं तुला का वाटतं?"

"वाटतं म्हणून न्हाई म्हणलो. बघितलं न्हाई म्हणून म्हणलो. तुम्हीच शाळेत शिकवता ना, जे दिलेलं न्हाई ते धरायचं न्हाई?"

ताईंच्या कानांच्या पाळ्या तापल्या. पोराचं म्हणणं बरोबर होतं, आणि तेच खुपत होतं. पण एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. जो माणूस भर मंडळात उभा राहून विरोध करतो, त्याला चोरून पान कापायची गरज काय?

त्या उठल्या तेव्हा रामकिशन मागून म्हणाला, "बाई, एक सांगू? ज्यानं कुणी हे केलंय त्याला ती बारा मिनिटं ठाव असावीत. न्हाई तर एवढा खटाटोप कोण करंल?"

ताई उंबऱ्यातच थांबल्या. बारा मिनिटं गावात कोणाकडेही वीज नव्हती. मग गावातल्या कोणाला ती ठाऊक असणार?

४

गुरुवारी दुपारी त्या मळ्याकडे निघाल्या. सत्यभामाबाईंची चौकशी तेवढी राहिली होती, आणि खरं तर ती उपचारापुरतीच होती. सत्यभामाबाई चौथीपर्यंत शिकलेली. मंडळात ती बोलायची कमी, पण बोलली की वाद तिथंच मिटायचा. तिची पार्वती ताईंचीच विद्यार्थिनी, यंदा बारावीला गणितात तालुक्यात पहिली.

सत्यभामाबाई अंगणात तुरीची डाळ पाखडत होती. ताईंना बघून सूप बाजूला ठेवलं, पदर सारखा केला आणि पार्वतीला चहा टाकायला सांगितलं. पार्वती नेहमी बाईंना बघून उजळायची. आज तिनं मान खाली घातली आणि आत गेली.

"बाई, तुम्ही कशाला एवढ्या उन्हात आलात? निरोप धाडायचा, मी आले असते."

ताईंनी सगळं सांगितलं. सत्यभामाबाईनं तोंडावर हात ठेवला. "आगं बाई. कोण असं करंल? मी मंगळवारी रेडिओ द्यायला आले, काल न्यायला. मी तर वहीकडं बघितलंबी न्हाई."

"तुम्ही नवव्या भागाला नव्हता, नाही का?"

"न्हवते. मी शनिवारीच माहेराला गेल्ते, मन्नाएखेळ्ळीला. सोमवारी आले. तिथं आमच्याकडं कुठला आलाय टीव्ही? भावजींनी घरी येऊन सगळं सांगितलं, तेवढंच."

"मग चौदा नंबर तुम्हाला पटतो?"

सत्यभामाबाईनं सूप पुन्हा ओढून घेतलं. सुपातला एक खडा वेचला, फेकला. "तुम्ही काढलेली चूक, बाई. पटायचं काय त्यात. ते दृश्य तर माझ्या डोळ्यांपुढं उभं राहतंय. दिवाकर दगडापाशी, शेजारी त्यो हिरव्या कोटातला म्हातारा काठी टेकून... आन् सगळे म्हणायलेत, बाईंनी कमाल केली."

चहा आला. ताईंनी चहा घेतला, पार्वतीच्या पाठीवर थाप मारली आणि निघाल्या. वाटेत बांधावरून चालताना त्यांना काही तरी टोचत होतं. चपलेत खडा असावा तसं. त्या थांबल्या, चप्पल झटकली. खडा नव्हता.

घरी न जाता त्या सिद्धलिंगप्पाच्या दुकानात गेल्या. रामकिशनही तिथं बसलेला होता.

"अण्णा, नवव्या भागात शेवटी दगडापाशी म्हातारा उभा होता, आठवतो? त्याच्या कोटाचा रंग कसला होता?"

सिद्धलिंगप्पा खदखदून हसला. "अक्का, तुमाला ऊन लागलंय का? आपल्या डब्यात रंग कुठला? सगळे कोट राखाडी."

"रामकिशन, तू घरी गोष्ट सांगितलीस तेव्हा कोटाचा रंग सांगितला होतास?"

"मी कामून सांगू? मलाच ठाव न्हाई. कोट होता एवढंबी सांगितलं की न्हाई, आठवत न्हाई."

कुसुमताई स्टुलावर बसल्या. चोर सापडला होता, आणि त्यांना जरासुद्धा आनंद झाला नव्हता.

५

तरीही त्यांनी घाई केली नाही. माणूस मनानंही एखाद्या कोटाला रंग देतो, एवढ्यावरून कोणाला चोर म्हणता येत नाही. शुक्रवारी सकाळी शाळेत त्यांनी मुख्याध्यापिकांकडचं रजिस्टर चाळलं. पार्वतीनं पंधरा दिवसांपूर्वी गुणपत्रिकेच्या प्रती साक्षांकित करून नेल्या होत्या. शेजारी कारण लिहिलेलं : गुलबर्गा, कॉलेज प्रवेश. अर्जाची शेवटची तारीख होती नवव्या भागाच्या आदल्या दिवशीची. शनिवार.

मन्नाएखेळ्ळी आणि गुलबर्गा. हुमनाबादपर्यंत दोन्हीची बस एकच.

संध्याकाळी सत्यभामाबाई शाळेच्या फाटकाशी आपणहून उभी होती. काल ताई गेल्यावर पार्वती आईला म्हणाली होती, "आई, तू कोटाचा रंग सांगितलास." त्या पोरीच्याच ध्यानात आलं होतं.

दोघी शाळेच्या मैदानातल्या लिंबाखाली बसल्या.

"मीच कापलं, बाई," सत्यभामाबाई म्हणाली. "दोन्ही वेळा. आता बोला, काय बोलायचं ते."

"गुलबर्ग्याला गेला होता."

"व्हय. घरात कुणालाच ठाव न्हाई. आमचे मालक म्हणायलेत, पोरगी लई शिकली, आता पुरे, पाहुणे बघू. दीर शिकलेला, पण थोरल्या भावापुढं त्यो काय बोलत न्हाई. मी अर्ज दिला शनिवारी. संध्याकाळची बस चुकली, मामेबहिणीकडं राहिले. तिच्याकडं रंगीत टीव्ही. सकाळी समदा भाग बघितला, शेवटपर्यंत." ती थांबली. "बाई, त्या बारा मिनिटांत त्या दगडाचं सांगितलंय. दगड त्योच, पर त्याच्यावर मेलेल्यांची न्हाई, वाचलेल्यांची नावं. गावानं उपकार मानून बसवला. त्यो कोटातला म्हातारा येकेक नाव वाचतोय."

कुसुमताईंनी डोळे मिटले. चौदा नंबर. टाळ्या. जयतीर्थरावांचा नमस्कार. आणि हे पत्र दिल्लीला गेलं असतं, तर ज्यांनी तो भाग लिहिला त्यांनी पहिल्या ओळीलाच हसून बाजूला टाकलं असतं.

"मला तोंडावर का नाही सांगितलंत?"

"कसं सांगू? सांगायचं तर कुठं बघितलं ते सांगावं लागलं असतं, भावजींसमोर. आन् दुसरं म्हणजे..." तिनं खाली पडलेली लिंबाची काडी उचलली. "तुम्ही माझ्या पोरीला दुपारी घरी बोलवून शिकवलंत, येक दिस उपकार म्हणून दाखवला न्हाई. तुमच्या तोंडावरचा त्यो आनंद मी बघितला गेल्या रविवारी मंडळात. माझ्यानं त्याच्यावर पाणी ओतवंना. मला वाटलं, पान गेलं तर तुम्ही सोडून द्याल. तुम्ही तर पुन्यांदा लिहिलंत."

ताईंना हसू आलं. राग कुठं शोधावा ते त्यांना कळेना. आपल्या हुशारीचं पान कोणीतरी आपल्यासाठीच कापून न्यावं, हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "त्या म्हाताऱ्यानं वाचलेली नावं आठवतात?"

"आठवतात. म्हणून तर रात्री झोप न्हाई."

"म्हणजे?"

सत्यभामाबाई सरसावून बसली. "बाई, दुसऱ्या भागात दिवाकरची आई काय म्हणाली? लहानपणी तिचे आई-बाप पुलावर मेले म्हणून ती मामाच्या गावाला वाढली. आन् मामाच्या घरासमोर ज्याचं घड्याळाचं दुकान, त्याच्याशी तिचं लगीन झालं. त्योच दिवाकरचा बाप. व्हय का न्हाई?"

"हो."

"त्या म्हाताऱ्यानं वाचलेल्या नावांत तिच्या आई-बापाची नावं हायत. म्हणजे ते जगले. आई-बाप जिवंत असताना लेक मामाकडं कशाला वाढंल? मामाच्या गावाला न्हाई गेली, तर तिला त्यो घड्याळजी बघणार कसा? त्यानं बघितलं न्हाई, तर लगीन कुठलं? आन् लगीनच न्हाई, तर..." तिनं दोन्ही तळहात उघडून दाखवले. "दिवाकर जन्मला कुठून?"

कुसुमताई उठून उभ्याच राहिल्या. वीस वर्षं त्यांनी फळ्यावर सिद्धता मांडल्या होत्या. एकीतसुद्धा इतकी सरळ पायरी त्यांना आठवेना.

"सत्यभामाबाई," त्या म्हणाल्या, "हाच चौदा नंबर."

"पर त्ये लिहायचं तर मी गुलबर्ग्याला होते हे सांगावं लागंल."

"मी लिहिते. तुमचं नाव घेत नाही. माझ्या नावावर टाकावं लागेल, पण तुमचं गुपित राहील."

सत्यभामाबाईनं मैदानाकडे पाहिलं. कोपऱ्यात पोरी लंगडी खेळत होत्या.

"न्हाई," ती म्हणाली. "उद्या मंडळात मीच बोलते."

६

शनिवारी टपाल निघायच्या आधी दोन तास मंडळ जमलं. कुसुमताईंनी उभं राहून वही उघडली आणि आपल्या हातानं एका ओळीत लिहिलं, ते वाचूनही दाखवलं : "चौदा नंबर मागे घेत आहे. चूक माझी होती. कु." जयतीर्थराव दचकले. सिद्धलिंगप्पानं कैची खाली ठेवली. पान कोणी नेलं, हे ताईंनी सांगितलं नाही आणि पुढेही कधी सांगितलं नाही.

मग सत्यभामाबाई उठली. दिराकडे न बघता, सरळ समोर बघून तिनं सगळं सांगितलं. गुलबर्गा, अर्ज, चुकलेली बस, रंगीत टीव्ही. आणि मग दिवाकरचा जन्म.

 रामकिशनचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला.

"वहिनी," तो म्हणाला, "मला तरी सांगायचं."

"सांगितलं असतं तर तुम्ही तुमच्या भावापुढं खोटं बोलला असता, न्हाई तर खरं बोलला असता. दोन्हीत तुमचीच ओढाताण."

रामकिशननं मान खाली घातली. मग म्हणाला, "मी येक वरीस गुलबर्ग्याला होतो. परत यायच्या दिवशी होस्टेलच्या पायरीवर बसून मी रडलो, हे कुणाला ठाव न्हाई. दादाशी मी बोलतो. आज रात्रीच." मग त्यानं डोळे पुसले आणि त्याचा आवाज एकदम चढला. "पर वहिनी, ही चूक! ही चूक मी पन्नास पुस्तकं वाचून काढली नसती!"

जयतीर्थरावांनी घसा साफ केला. "अध्यक्ष या नात्यानं सांगतो. सतरा चुका पाठवायच्या नाहीत. एकच पाठवायची. माझ्या तिन्ही काढून टाका."

ताईंनी पत्र लिहिलं, सत्यभामाबाईनं सांगितलं त्याच क्रमानं. खाली पहिली सही रावांनी करायची ठरलेली होती. त्यांनी पेन घेतलं आणि सत्यभामाबाईपुढं धरलं. तिनं ठळक, सावकाश अक्षरात सही केली. रावांनी आपली तिच्याखाली केली.

मळ्यातल्या घरात पंधरा दिवस धुसफूस चालली. राघोबा, म्हणजे सत्यभामाबाईचा नवरा, दोन दिवस जेवला नाही, चार दिवस भावाशी बोलला नाही. रामकिशन मात्र हटला नाही. थोरल्या भावापुढं पहिल्यांदाच तो उभा राहून बोलला. जुलैत कॉलेजचं पत्र आलं, तेव्हा राघोबाच ट्रंक खांद्यावर घेऊन पार्वतीला गुलबर्ग्याला सोडून आला.

ऑगस्टात मालिका संपली. पुढच्या रविवारी पत्रांचा कार्यक्रम होता. सिद्धलिंगप्पाच्या दुकानासमोर रस्त्यापर्यंत माणसं उभी. पडद्यावर एक बाई बसली होती आणि शेजारी मालिकेचा लेखक, पिकल्या केसांचा. तिनं एक कागद उचलला.

"यह चिट्ठी आई है ज़िला बीदर, बसवा-कल्याण से..."

"बसवकल्याण!" रस्त्यावरून चाळीस गळ्यांनी तिला सुधारलं.

पत्र पूर्ण वाचलं गेलं. आई-बाप, मामाचं गाव, समोरचं दुकान, लग्न, जन्म. एकेका वाक्याला लेखकाचं डोकं थोडं थोडं खाली जात होतं. शेवटी बाईनं नाव वाचलं, "श्रीमती सत्यभामाबाई", आणि त्याच्याकडे बघितलं.

लेखकानं चष्मा काढला. "इसका जवाब मेरे पास नहीं है," तो म्हणाला. "ग़लती मेरी है. और मैं चाहता हूँ कि यह बहनजी मेरी अगली कहानी पहले पढ़ें."

रस्त्यावर असा गलका उठला की पुढचं काही ऐकू येईना. माना वळत होत्या, "कोण सत्यभामाबाई? कोण?" मागं उभ्या राघोबानं पटक्याचा शेमला सारखा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, "आमच्या घरच्या."

कुसुमताई पुढच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांचं नाव पत्रात चौथं होतं, आणि ते वाचलंही गेलं नव्हतं. पण त्या सकाळी त्यांच्याइतकी ताठ मान अख्ख्या बसवकल्याणात दुसऱ्या कोणाची नसेल.

सिद्धलिंगप्पा उठला आणि जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. कार्यक्रम चालू असताना टीव्ही बंद केला. "आता ह्याच्यापुढं काय बघायचं?" तो छाती काढून म्हणाला.

"लावा की अण्णा परत," सत्यभामाबाई म्हणाली. "बाकीच्यांच्याबी चुका ऐकू द्या. त्यांनीबी जीव लावूनच काढल्या असतील."

सिद्धलिंगप्पानं मुकाट्यानं बटण दाबलं. पडद्यावर मुंग्या आल्या, मग चित्र आलं, आणि चूक मंडळ बाक पुढं ओढून बसलं.